दहा टक्क्यांच्या शोधात

हिंदी सिनेमात लेखकाला एजंट असणं ही तशी अलीकडची गोष्ट. १९७३मध्ये ‘जंजीर’ लागला, तेव्हा सलीम-जावेद यांनी रंगारी लावून मुंबईतल्या पोस्टरांवर आपली नावं रंगवून घेतली होती. पोस्टरवर लेखकाचं नाव घालायची पद्धत नव्हती आणि त्यासाठी त्यांच्या वतीने भांडणारंही कुणी नव्हतं. पुढेही कित्येक वर्षं लेखकाचं काम ओळखीवरच चाललं. निर्मात्याच्या ऑफिसात बसून गोष्ट सांगायची, म्हणजे नॅरेशन द्यायचं, आवडलं तर साइनिंगची रक्कम हातात पडायची, बाकीचे पैसे मिळतील तेव्हा खरे. ओटीटी आल्यावर चित्र पालटलं. वेब सिरीजसाठी एकेका खोलीत चार-पाच लेखक बसायला लागले, करार जाडजूड झाले आणि लेखकांच्या वतीने बोलणाऱ्या एजन्सी अंधेरी-वांद्र्यात दिसू लागल्या. मी मुंबईत आले ती याच सुमाराला.

पुण्यात कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका लिहिल्या होत्या, दिवाळी अंकांत काही कथा छापून आल्या होत्या. तेवढ्या बळावर वर्सोव्यात पेइंग गेस्ट म्हणून राहायला लागले आणि लगेच एजंटच्या मागे लागले. आराम नगरच्या टपरीवर चहा पीत उभ्या असलेल्या कुणालाही विचारलं, तरी एकच उत्तर मिळायचं. मोठ्या कंपन्या परस्पर आलेलं स्क्रिप्ट उघडतही नाहीत, मध्ये एजंट हवा. यात तथ्य होतं. उद्या त्याच विषयावर कंपनीने दुसरा सिनेमा काढला तर आपल्यावर चोरीचा दावा येईल, या धास्तीने कंपन्यांचे वकील न मागवलेलं लिखाण दारातच अडवतात. एजन्सीत जावं तर तिथे पहिला प्रश्न असतो, ‘आधी काय केलंय?’ काम नाही म्हणून एजंट नाही आणि एजंट नाही म्हणून काम नाही, अशी ती कोंडी असते. त्या कोंडीत माणूस एरवी करणार नाही अशा गोष्टी करून बसतो. मीही केल्या. माझ्याकडे आज सल्ला विचारायला येणारी मुलं-मुली त्याच वाटेने निघालेली दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

माझ्याकडे एक पटकथा होती. जिल्ह्याच्या गावातली एक पतसंस्था बुडते, ठेवीदारांचे पैसे अडकतात आणि शाखेत कॅशियर असलेल्या बाईच्या घराकडे सगळं गाव संशयाने बघायला लागतं, अशी गोष्ट. ही गोष्ट माझ्या एका मैत्रिणीच्या घरातून आली होती. तिची आई खरोखरच अशा पतसंस्थेत कॅशियर होती. आम्ही दोघी एकाच नाट्यसंघातल्या. पुण्यात तिच्या खोलीवर संध्याकाळी बसून आम्ही प्रसंग रचले, पात्रं ठरवली. संवाद बहुतेक मी लिहिले, टायपिंग मी केलं. ती बोलायची, येरझाऱ्या घालायची, मधेच आईला फोन लावून काहीतरी विचारायची. तिने सांगितलेली एक गोष्ट आम्ही जशीच्या तशी घेतली. संस्था बुडायच्या आधी घरी येणारी माणसं दारात चपला काढून आत यायची. बुडाल्यावर तीच माणसं चपला घालून थेट बैठकीत यायला लागली, आणि ती गेल्यावर आई काही न बोलता फरशी पुसायची. स्क्रिप्ट वाचलेल्या प्रत्येकाने पुढे या प्रसंगाचं नाव काढलं.

मुंबईत आल्यावर मी या पटकथेचा पहिला खर्डाच सगळ्यांना पाठवून दिला. तिचं पुनर्लेखन व्हायचं होतं, मधला भाग लांबला होता आणि तिच्याखेरीज दाखवायला माझ्याजवळ दुसरं काहीही नव्हतं. एजंटला एका स्क्रिप्टवर फारसं काही ठरवता येत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला लेखक हवा असतो. ही व्यक्ती दुसरं, तिसरं लिहील का, नोट्स दिल्या तर नीट दुरुस्त करील का, मुदत पाळील का, हे त्याला बघायचं असतं, कारण त्याचं पोट तिच्या पुढच्या कामांवर चालणार असतं. मी मात्र एका स्क्रिप्टच्या जोरावर माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणत होते. मेलही सगळ्यांना एकच. एकदा तर सगळे पत्ते एकाच ओळीत टाकून तो पाठवला, म्हणजे प्रत्येकाला बाकीच्यांची नावं दिसली. उत्तर कुणाचंच आलं नाही.

त्यातही चोरीचं भय मनात होतं, म्हणून सारांश पाठवताना शेवट गाळायचा. ‘पुढे काय होतं ते प्रत्यक्ष भेटीत सांगेन’ असं लिहायचं. याने वाचणाऱ्याला उत्सुकता वाटेल असा माझा समज होता. त्याला फक्त एवढंच कळायचं, की हिला सारांश लिहिता येत नाही. चोरीबाबतचा कायदा मी फार उशिरा समजून घेतला. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा यांच्या वादात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं होतं, की नुसत्या कल्पनेवर कुणाचा कॉपीराइट नसतो, तो तिच्या मांडणीवर असतो. म्हणजे लेखकाचं संरक्षण त्याने तपशिलात किती लिहिलंय यावर अवलंबून असतं. पतसंस्था बुडते ही कल्पना कुणाचीही असू शकते. चपलांचा प्रसंग, त्याची जागा, त्याच्या आधी आणि नंतर काय येतं, हे ज्याने रचलं त्याचं असतं. मी नेमकं तेच लपवत होते. तारखेनिशी मेल ठेवणं, कुणाला काय पाठवलं याची नोंद करणं, नॅरेशननंतर ‘आज आपण अमुक विषयावर बोललो’ अशी दोन ओळींची मेल टाकणं, ही साधी कामं मात्र मी केली नाहीत.

याच काळात एका माणसाने, स्वतःला एजंट म्हणवत, ‘प्रोफाइल’ तयार करण्यासाठी आधी पैसे मागितले आणि मी ते दिले. घरून महिन्याच्या खर्चासाठी आलेले पैसे होते. यावर फार लिहिण्यासारखं काही नाही. एवढंच सांगते, की खरा एजंट लेखकाकडून आगाऊ काही घेत नाही. लेखकाला मिळालेल्या पैशातून तो आपली टक्केवारी कापून घेतो. हॉलिवूडमध्ये दहा टक्क्यांची रूढी आहे, आपल्याकडे ती दहापासून वीसपर्यंत जाते. लेखकाला मिळालं नाही तर त्यालाही मिळत नाही, हाच त्या नात्याचा पाया. पैसे आधी मागणाऱ्याला तुमचं काम विकलं जाण्याची गरजच उरत नाही.

यानंतर एका सहायक दिग्दर्शकाच्या ओळखीने एका एजन्सीपर्यंत पोहोचले. त्यांच्याकडच्या एका वाचकाने स्क्रिप्ट वाचलं, मला बोलावलं. चपलांचा प्रसंग त्यांना फार आवडला होता. बोलता बोलता टेबलापलीकडच्या बाईंनी सहज विचारलं, ‘यू आर द सोल रायटर, राइट?’ आणि मी हो म्हटलं.

ते हो मी का म्हटलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. अडखळले वगैरे नाही. माझ्या डोक्यात तयार उत्तर होतं. लिहिलं तर मीच आहे, ती पुण्यात आहे, तिला मुंबईत यायचं नाही, दोन लेखकांची जोडी विकायला अवघड जाते, करार झाला की तिचं नाव घालू. प्रत्येक वाक्य पटण्यासारखं होतं. त्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये पटकथा नोंदवतानाही मी फक्त माझंच नाव टाकलं होतं, कारण सदस्यत्व माझं एकटीचं होतं आणि तिचं काढायला वेळ लागला असता. त्या वेळी ते केवळ सोयीसाठी होतं. एजन्सीत हो म्हटल्यावर ती सोय खोटी साक्ष झाली. महिनोन्‌महिने कुणीच दाद दिली नव्हती आणि आता समोर बसलेलं माणूस माझ्याकडे लेखक म्हणून बघत होतं. ते हातचं जाऊ नये यासाठी मी माझ्याबरोबर असलेल्या माणसाला वगळलं. दुसरं कोणतंही कारण नव्हतं.

करार दोनेक आठवड्यांनी आला. तो वाचला असं म्हणवत नाही. टक्केवारीचा आकडा बघितला, सही केली. तीन गोष्टी त्यात होत्या आणि प्रत्येकीने पुढे त्रास दिला. पहिली, माझं सगळं लेखन त्यांच्याकडे होतं. सिनेमा, सिरीज, नाटक, कुठल्याही भाषेतलं, मी स्वतः मिळवलेलंही. पुढे एका मराठी मालिकेचे काही भाग मला जुन्या नाट्यसंघाच्या ओळखीतून मिळाले, एजन्सीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, तरी त्यातला हिस्सा द्यावा लागला. दुसरी, मुदत. ठरावीक काळात त्यांनी एकही काम आणलं नाही तर बाहेर पडता येईल, असं कलम मागता येतं. मी मागितलं नव्हतं. तिसरी गोष्ट सगळ्यांत बारीक अक्षरात. करार संपल्यावरही, त्यांनी ज्या ज्या कंपनीशी ओळख करून दिली तिच्याशी माझा पुढे कधीही व्यवहार झाला, तर त्यावर त्यांची टक्केवारी लागू होती. ‘पुढे कधीही’ याला मर्यादा घालता येते. सहा महिने, एक वर्ष, जे ठरेल ते. हे मला नंतर एका वकिलाने सांगितलं. असोसिएशनकडेही करारांबद्दल मार्गदर्शन मिळतं, नमुना करार असतात. ते ऑफिस माझ्या खोलीपासून रिक्षाच्या अंतरावर होतं.

एका निर्मिती संस्थेने पटकथेत रस दाखवला. नॅरेशन झालं. मी चांगली वाचते, रंगभूमीची सवय आहे. बैठकीतून बाहेर पडताना मला वाटलं, झालं आपलं काम. त्या नॅरेशनला बसलेल्यांपैकी एक जण पुण्याच्या नाट्यवर्तुळात ये-जा करणारा निघाला. त्याने तिकडे कौतुकाने गोष्ट सांगितली आणि ती माझ्या मैत्रिणीपर्यंत पोहोचली. तिचा फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये होते.

‘अगं, आपली पतसंस्था कुणाला तरी वाचून दाखवलीस म्हणे?’

मी म्हटलं, ‘हो, सांगणारच होते तुला.’

‘माझं नाव आहे का त्यावर?’

मी म्हटलं, ‘आत्ता नाहीये, पण घालणार आहोत.’

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आईने फरशी पुसायची गोष्ट मी तुला सांगितली होती. मुंबईला नाही.’ आणि फोन ठेवला.

इथे मी थांबून पुण्याला जायला हवं होतं. त्याऐवजी मी एजन्सीला फोन करून मैत्रिणीबद्दल सांगितलं. निर्मात्याच्या करारात लेखकाला लिहून द्यावं लागतं, की हे लेखन मूळ माझं आहे आणि यावर दुसऱ्या कुणाचाही हक्क नाही. उद्या कुणी दावा लावला तर नुकसानभरपाईची जबाबदारी लेखकावर येते. त्यामुळे एजन्सीने सरळ सांगितलं, की तिच्याकडून ना हरकत पत्र आणा, मग पुढे जाऊ. मी मैत्रिणीला त्या पत्राचा मसुदा मेल केला. त्यात माफी नव्हती. ‘तू यावर सही केलीस तर आपलं काम पुढे जाईल’ असं लिहिलं होतं, आणि खाली मानधनातला एक हिस्सा देऊ केला होता. ज्या माणसाचं नाव मी गाळलं होतं, त्याच्याकडे मी त्याचा हक्क सोडून दिल्याची सही मागत होते. पहिल्या खोट्यापेक्षा मला आज या मेलची जास्त लाज वाटते. पहिलं खोटं घाईत बोलले होते, ही मेल मी बसून, शब्द निवडून लिहिली होती.

तिने सही केली नाही. निर्मिती संस्था मागे हटली. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. एजन्सीचे फोन कमी होत गेले, त्यातही त्यांचा दोष नव्हता, मी त्यांच्याशी खोटं बोलले होते. करार मात्र मुदत संपेपर्यंत कायम होता. म्हणजे एजंट मिळवण्यासाठी मी मैत्रीण गमावली आणि शेवटी दिसायला एजंट असूनही काम नसलेली लेखिका झाले.

त्या रिकाम्या काळात अमेरिकेतल्या लेखकांचं भांडण मी वाचून काढलं. २०१९च्या एप्रिलमध्ये रायटर्स गिल्डच्या सात हजारांहून अधिक सदस्यांनी आपापल्या एजंटांना काढून टाकलं होतं. तिथल्या मोठ्या एजन्सी लेखक, दिग्दर्शक, नट यांची मोट बांधून ती स्टुडिओला द्यायच्या आणि दहा टक्क्यांऐवजी स्टुडिओकडूनच मोबदला घ्यायच्या. मग लेखकाला जास्त पैसे मिळवून देण्यात एजंटला काय गोडी राहणार, असा लेखकांचा सवाल होता. जवळजवळ दोन वर्षं ते चाललं आणि एजन्सींना ती पद्धत सोडावी लागली. मला त्यात एक गोष्ट लख्ख दिसली. त्या लेखकांना एजंटकडून नेमकं काय हवं आणि काय नको, हे ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं. माझ्यावर कुणीतरी विश्वास ठेवावा एवढंच मला हवं होतं, आणि ते काम एजंटचं नसतं. मला वाचक हवे होते. स्क्रिप्ट वाचून ‘मधली वीस पानं पडतात’ असं तोंडावर सांगणारी माणसं हवी होती. तशी माणसं मिळवायला वेळ जातो, कमीपणा घ्यावा लागतो, दुसऱ्यांची स्क्रिप्टं वाचावी लागतात. त्या कष्टांतून पळवाट म्हणून मी एजंट शोधत होते.

मुदत संपल्यावर मी निराळ्या रीतीने कामाला लागले. चार-पाच लेखक महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून एकमेकांची पानं वाचायला लागलो. मी नवी दोन स्क्रिप्टं पूर्ण केली आणि पुन्हा पुन्हा लिहिली. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, म्हणजे एनएफडीसीच्या, पटकथा कार्यशाळेसाठी आणि स्पर्धांसाठी अर्ज केले. ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’सारखी पटकथा अशा कार्यशाळेतून पुढे आली होती. माझी निवड झाली नाही, पण अर्जासाठी गोष्ट एका पानात, शेवटासकट मांडायची सवय लागली आणि तिचा पुढे फार उपयोग झाला. एका सिरीजच्या लेखन खोलीत कनिष्ठ लेखक म्हणून जागा मिळाली ती वाचनगटातल्याच एकाच्या शब्दावर. तो करार सहीआधी वकिलाला दाखवला. २०१२च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा कायद्याने निर्मात्याला लिहून देता येत नाही, हे त्याच बैठकीत पहिल्यांदा समजलं. एवढं झाल्यावर एक एजंट भेटली. तिने दोन्ही स्क्रिप्टं वाचली आणि विचारलं, ‘यात आणखी कुणाचा वाटा आहे का?’ मी तिला पतसंस्थेची सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, ‘हे आधी निस्तरून या.’

मी पुण्याला गेले. मैत्रिणीच्या घरी, तिच्या आईसमोर, झालं ते सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तिने माफ केलं असं मी म्हणणार नाही, ते ठरवणं तिच्याकडे आहे. तिने चहा दिला, आणि मग आम्ही कागदपत्रांबद्दल बोललो. पटकथा असोसिएशनमध्ये दोघींच्या नावाने नव्याने नोंदवली, तिचं नाव आधी. दोघींमधला वाटणीचा करार केला. ती गोष्ट विकायची की नाही हा निर्णय तिचा असेल, असं मी त्यात लिहून दिलं आहे. अजून तिने हो म्हटलेलं नाही.

त्यामुळे एजंट कसा मिळवायचा असं कुणी विचारलं, की मी आधी दुसरंच विचारते. दुसरं स्क्रिप्ट लिहून झालं का? ते शेवटपर्यंत वाचून कडू बोलणारं कुणी आहे का? आणि या गोष्टीत कुणाकुणाचा हात आहे, ते कागदावर आलंय का? शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ जण म्हणतात, ‘आम्ही मित्रच आहोत, ते नंतर बघू.’ त्यांना मी सांगते, की नंतर बघणं जमत नाही. पैसा आणि नाव समोर दिसायला लागलं, की माणूस आपल्यापुरतंच बघतो. मी तेच केलं होतं. तेव्हा एजंटला पहिली मेल लिहिण्याआधी मित्राबरोबर बसा, एका पानाचा करार करा, त्यावर दोघांच्या सह्या घ्या आणि नोंदणी दोघांच्या नावाने करा. एक संध्याकाळ पुरते.